गंधकाच्या वासामागोमाग

अक्काचा फोन आला तेव्हा माझ्या टेबलावर अंतर्गत परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा होता. "तू इतिहास शिकवतोस, रसायन न्हवं, ते मला ठावं हाय," ती म्हणाली, "पर तू एकदा जाऊन बघून ये. पोरगं गंधकाच्या धुरात काम करतंय म्हणं. त्येच्या दम्याचं तुला म्हाईतच हाय."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बेळगावातून तासगाव तालुक्यात दिली, त्याला आता तीस वर्षे झाली. दाजींची द्राक्षबाग आहे, बहुतेक माल बेदाण्याला जातो. दाजी माळकरी, आषाढीची वारी चुकत नाही. एकुलता मुलगा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला, पुढे वाइनचा एक छोटा अभ्यासक्रम केला आणि नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यातल्या एका लहानशा वाइन कारखान्यात नोकरीला लागला. "माळकऱ्याच्या घरातलं पोरगं दारू गाळतंय," एवढे एकच वाक्य दाजी बोलले, आणि त्यानंतर तीन वर्षे बापलेकांचे बोलणे "जेवलास का?"च्या पुढे गेले नाही. शेजारणींनी विचारले तर अक्का "दिंडोरीला असतो" एवढेच सांगते. ऐकणाऱ्याला स्वामी समर्थांचे केंद्र आठवते. अक्का तो गैरसमज दुरुस्त करीत नाही.

निघण्याआधी आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला स्टाफरूममध्ये गाठले. वाइनमध्ये गंधक कशाला, एवढाच माझा प्रश्न. तो हसला. "तुमच्या घरी उन्हाळ्यात लिंबाचं स्क्वॉश करतात ना? शेवटी चिमूटभर पांढरी पावडर घालतात. तीच." ती पावडर म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. वाचकांपैकी अनेक भगिनींच्या फडताळात तिची लहान पुडी असेल. आंबट रसात ती विरघळली की तिच्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. पावडरीच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त, सुमारे ५७ टक्के. हा वायू जंतूंना वाढू देत नाही आणि हवेने रस काळा पडू देत नाही. कोकम-जांभळाच्या सरबताला मात्र ही पावडर चालत नाही, कारण ती रंग उडवते. तिथे सोडियम बेंझोएट घालतात. त्याचीही एक गोष्ट आहे. बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकत्र आले तर अगदी थोड्या प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकते, हे अमेरिकेतल्या शीतपेयांच्या बाबतीत १९९० साली लक्षात आले. म्हणजे टिकवण्यासाठी घातलेला पदार्थ बाटलीत नुसता बसून राहत नाही, तो आणखी कशाशी तरी संसार मांडतो. सहकाऱ्याचे शेवटचे वाक्य मी वहीत लिहून घेतले: "काय घातलं ते विचारू नका, त्याचं पुढं काय झालं ते विचारा."

संध्याकाळच्या बसने निघालो. पुण्यात उजाडले, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर मागे टाकीत नाशिकला पोहोचेपर्यंत ऊन तापले होते. मार्चचा दुसरा आठवडा. दिंडोरीच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना मांडवच मांडव. निर्यातीच्या बागांत घडांना कागद गुंडाळलेले, ट्रकांची रांग, पेट्या भरणाऱ्या बायकांची लगबग. आपल्याकडच्या माणसाला द्राक्ष म्हणजे पिवळसर, लांबट, बिनबियांचे. वाइनची द्राक्षे त्यातली नव्हेत. भाच्याने एक घड हातावर ठेवला. वाटाण्याएवढा मणी, जाड साल, आत बी. गोड आहे, पण खाण्यात मजा नाही. "मामा, ही खायची न्हाईत, हेंच्याकडून काम करून घ्यायचं," तो म्हणाला.

कारखाना म्हणजे पत्र्याचे उंच छप्पर आणि आत पोलादाच्या टाक्यांच्या दोन रांगा. टाक्यांभोवती थंड पाण्याचा वेढा फिरवलेला. पांढऱ्या वाइनचा रस बारा-पंधरा अंशांवर सावकाश आंबवतात. बाहेर रणरण, आत गारवा, आणि हवेत ओल्या पावासारखा, पिकल्या पेरूसारखा वास. मी नाक वर करून तो घेत असतानाच पलीकडच्या कोपऱ्यात एक कामगार प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेऊन पांढरी पावडर ढवळू लागला. त्याच्या तोंडावर दोन डबड्यांचा रबरी मास्क होता. आमच्या स्वयंपाकघरातली पावडर ओळखीची, म्हणून मी जवळ जाऊन वाकलो.

काडेपेटीची काडी नाकात पेटवावी तसे झाले. डोळ्यांना धारा, घशात ठसका, श्वास आत जाईना. "मामा, मागं सरा! वाकू नका, त्यो जड असतो, खाली बसतो," भाचा दारातून ओरडला. दारातून. नंतर लक्षात आले की तो उंबरठा ओलांडून आत आलाच नव्हता.

बाहेर कडुनिंबाखाली पाणी पिऊन झाल्यावर त्याने सांगितले. पहिल्याच हंगामात, टाकी धुताना, त्याला असाच डोस लागला होता. त्याला दम्याचा झटका आला. दोन दिवस नाशिकच्या दवाखान्यात काढले. लहानपणचा दमा गेला असे आपण समजत होतो, तो गेला नव्हता. सल्फाइटने ज्यांचा दमा उचल खातो अशी माणसे असतात. दमेकऱ्यांमध्ये शंभरात तीन ते दहा, असा अंदाज सांगतात. डॉक्टरांनी त्या कामापासून लांब राहायला सांगितले. तेव्हापासून डोस घालण्याचे काम दुसऱ्याकडे आणि हा प्रयोगशाळेत. घरी यातले काहीच सांगितलेले नाही. "अक्काला कळलं तर ती मला दुसऱ्या दिवशी घरी न्हेल. आन् दाजी म्हणतील, देवानं शिक्षा केली." स्वतःच्या आईला अक्का आणि बापाला दाजी म्हणायची त्याची सवय आमच्याकडूनच लागली आहे.

आता मी अक्काला काय सांगायचे?

तो प्रश्न तसाच ठेवून त्याने मला प्रयोगशाळेत नेले. प्रयोगशाळा कसली, दहा बाय दहाची खोली. पण तिथे मी माझ्या विषयाबाहेरचे जितके शिकलो तितके एखाद्या उजळणी वर्गातही शिकलो नसेन. त्याने चंचुपात्रात थोडी पांढरी वाइन घेतली, त्यात पिष्टमय द्रावण टाकले आणि वरून आयोडीनचे थेंब सोडू लागला. थेंब पडे, निळा होई, विरून जाई. एका क्षणी निळा रंग राहिला. "संपलं. एवढंच मोकळं गंधक होतं." वाइनमध्ये घातलेले सगळे गंधक मोकळे राहत नाही. आंबताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा पदार्थ बनतो, कापून ठेवलेल्या सफरचंदासारख्या वासाचा. गंधक त्याला मिठी मारते आणि दोघांचा मिळून तिसराच पदार्थ होतो, ज्याला वासही नाही आणि जंतूंना मारायची ताकदही नाही. काही भाग हवेतल्या प्राणवायूशी झुंजून सल्फेट होतो. उरलेले मोकळे, तेच राखणदार. त्यातही रस जितका आंबट तितके ते जोरकस. आपल्या उष्ण मुलखात द्राक्षांतले आम्ल लवकर उतरते, म्हणून गंधक जास्त लागते. ते कमी लागावे म्हणून टार्टारिक आम्ल घालतात. हे आम्ल म्हणजे चिंचेतले, असे त्याने सांगितले तेव्हा मला बरे वाटले. काहीतरी ओळखीचे निघाले.

इतिहासाच्या माणसाला इथे थोडे बोलू द्यावे. हे गंधक काही कारखानदारीच्या युगात आलेले नाही. पिंपात गंधकाची वात पेटवून मग वाइन भरण्याची रीत युरोपात जुनी आहे. डच व्यापाऱ्यांनी ती फ्रान्सच्या बंदरांत इतकी रुळवली की तिथे त्या वातींना 'डच काड्या' असे नावच पडले. समुद्रावर महिनोन्‌महिने माल टिकायचा तर दुसरा इलाज नव्हता. आणि गंधक अजिबात न घालता वाइन केली, तरी यीस्ट स्वतःच थोडासा सल्फाइट तयार करते. शून्य गंधकाची वाइन ही बहुधा बोलायचीच गोष्ट. आपल्या शरीरातही प्रथिनांच्या पचनात सल्फाइट बनते आणि यकृतातले एक विकर त्याचे सल्फेट करून टाकते.

बागेतही गंधक असते. भुरी रोगासाठी गंधकाची फवारणी सगळेच बागाईतदार करतात. ती तोडणीच्या फार जवळ झाली आणि गंधक मण्यांवर राहिले, तर यीस्ट त्याचा हायड्रोजन सल्फाइड करते. सडक्या अंड्याचा वास! त्यावर उतारा मोरचुदाचा, अगदी किंचित. ज्या मोरचुदाचे बोर्डो मिश्रण आपले शेतकरी वेलीवर मारतात, ते मिश्रण मुळात फ्रान्समधल्या बोर्डो या वाइनच्याच मुलखातून १८८५ च्या सुमारास जगभर गेले.

मग त्याने कपाटातून एक अर्धी बाटली काढली. "ही प्यायची न्हाई, हुंगायची." हुंगली. कुंडीतल्या जिरॅनियमचे पान चुरगळल्यावर येतो तो वास. वाईट नाही, पण वाइनला तो नको. कारखान्याच्या जुन्या चुकीची ही आठवण. गोड वाइनमध्ये साखर उरलेली असते. बाटलीत ती पुन्हा आंबू नये म्हणून पोटॅशियम सॉर्बेट घालतात. सॉर्बेट यीस्टला आवरते, पण ताकातले असतात त्या जातीच्या जिवाणूंना आवरत नाही. गंधक कमी पडले की ते जिवाणू सॉर्बिक आम्लाला बदलतात, ते अल्कोहोलशी जुळते आणि हा जिरॅनियमचा वास जन्माला येतो. एकदा आला की जात नाही. इथे कोणी आजारी पडत नाही, फक्त टाकी ओतून द्यावी लागते. त्यावेळी गंधक कमी घातले होते, 'कमी रसायने' म्हणून विकायचे होते, असे तो म्हणाला आणि जरा हसला.

ज्या गोष्टीत हसण्यासारखे नाही, ती त्याने शेवटी सांगितली. १९६० च्या दशकात डायएथिल पायरोकार्बोनेट हे टिकाऊ द्रव्य वाइनमध्ये आणि फळांच्या रसात घालत. ते आपले काम करून काही तासांत अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जाते, मागे काहीच उरत नाही, अशी त्याची ख्याती होती. १९७१ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले की पेयात अमोनिया असेल तर त्याच्याशी जुळून युरेथेन म्हणजे एथिल कार्बामेट बनते, आणि प्राण्यांमध्ये ते कर्करोग घडवते हे आधीच ठाऊक होते. त्यांचे आकडे पुढे फार चढे ठरले, पण युरेथेन बनते ही गोष्ट खोटी ठरली नाही. अमेरिकेने १९७२ साली ते द्रव्य बंद केले. हेच रसायन आज जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत पाण्यातली नको ती विकरे मारायला वापरतात. त्याच्या जागी त्याचाच धाकटा भाऊ आला, डायमेथिल डायकार्बोनेट. अमेरिकेत १९८८ साली वाइनसाठी मान्य झाला. तो विघटन पावून मिथेनॉल होतो. मिथेनॉल म्हटले की विषारी दारूच्या बातम्या आठवतात आणि माझाही चेहरा तसा झाला असावा, कारण भाच्याने लगेच पाटीवर हिशोब मांडला. लिटरला जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅमची मुभा, त्यापासून मिथेनॉल ९५ मिलिग्रॅमच्या आसपास. द्राक्षाच्या सालीतल्या पेक्टिनमुळे वाइनमध्ये मुळातच असते, त्याच मापातले. माणूस दगावतो ती मात्रा कित्येक ग्रॅमांची. हिशोब बरोबर होता. तरी मी त्याला म्हटले, की १९७० सालीही कोणीतरी असाच बरोबर हिशोब मांडून दाखवला असेल. तो गप्प बसला. मग म्हणाला, "आन् मामा, युरेथेन तर काही न घालता बी बनतं. वाइनमधला युरिया आन् अल्कोहोल, वर उष्णता. म्हणून बाटल्या उन्हात ठेवायच्या न्हाईत." थोडे थांबून पुढे म्हणाला, "खरं सांगू? बाटलीतलं सगळ्यात मोठं रसायन अल्कोहोलच. बारा-तेरा टक्के. कर्करोगाच्या यादीत ते पहिल्या गटात हाय. लोक इचारतात मात्र गंधकाचं."

ज्याच्या पगाराची पावती त्या बाटलीवर अवलंबून आहे, त्याने हे बोलावे याचे मला कौतुक वाटले. दाजींनी ऐकायला हवे होते.

निघताना त्याने एक खोके माझ्या हाती दिले. आत नवा मास्क, दोन डबड्यांचा. "दाजींस्नी द्या. दिवाळीत आणला हुता, द्यायचा ऱ्हायला." मला उलगडा होईना. "तुम्ही जाऊन शेड बघा," तो म्हणाला.

पुण्याहून रेल्वेने किर्लोस्करवाडीला उतरलो. हे स्टेशन आले की बेळगावच्या माणसाला जरा चुटपुट लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना मुळात आपल्या गावचा. तिथली जागा सोडावी लागली म्हणून १९१० साली ते या माळावर आले, आणि आपल्याकडे राहिला तो किर्लोस्कर रोड. असो. जवळच पलूस आहे. २००१ साली महाराष्ट्राने वाइनचे धोरण आणले तेव्हा विंचूरबरोबर इथेही वाइन पार्क ठरले होते. विंचूरकडे जसा उद्योग रुजला तसा तो इथे रुजला नाही. सांगलीच्या द्राक्षाने आपली वाट वेगळी धरली, ती बेदाण्याची.

तासगावचे गणपतीचे गोपूर लांबून दिसले. अक्काच्या घरी पोहोचलो तर दाजी शेडवरच होते. हंगाम भरात. बेदाण्याची शेड ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडी सांगाडा, त्यावर एकावर एक जाळ्यांचे मजले, वर छप्पर, बाजू वाऱ्याला मोकळ्या. द्राक्षे आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर उडते. नाहीतर मणी महिनाभर वाळत बसेल. असे केले की पंधरवड्यात काम होते. वाऱ्यावर वाळणाऱ्या द्राक्षांचा वास काकवीसारखा येतो. लहानपणी भाचा या जाळ्यांखाली खेळायचा, ते मला आठवते.

शेडच्या टोकाला ताडपत्रीने बंद केलेली एक खोली होती. दाजी खांद्यावरचा पंचा नाकातोंडाला बांधून आत गेले. फटीतून पाहिले. घमेल्यात गंधक पेटले होते, निळी ज्योत. बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून ही धुरी. बाजारात पिवळ्याला भाव असतो, काळपटाला कोणी विचारत नाही. तोच वायू, दिंडोरीच्या टबातून निघालेला. फक्त तिथे मिलिग्रॅम मोजून आणि इथे मुठीने. दाजी बाहेर आले ते खोकत. खोकला थांबायला वेळ लागला. "हंगामात असतंच," ते म्हणाले. पंच्याने धूळ अडते, वायू अडत नाही, हे मी परवाच शिकलो होतो.

दुपारी अक्काने शिरा केला, वर घरचा बेदाणा भरपूर. खाता खाता मी तिला आकडे सांगितले. युरोपात कोरड्या पांढऱ्या वाइनला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, तांबड्याला १५०. सुकवलेल्या द्राक्षांना किलोला २०००. वाटीभर कोणी खात नाही हे खरे, आणि धुऊन घेतला की थोडे कमीही होते. पण गंधकासाठी वाइनला नावे ठेवायची असतील तर शिऱ्यालाही चार शब्द ऐकवावे लागतील. अक्का हातातला झारा तसाच धरून बघत राहिली. "म्हंजे त्येचा दमा..." एवढेच म्हणाली. मी घाईने सांगितले की तसे काही ठरवून म्हणता येत नाही. मग मी तिला दवाखान्याचेही सांगितले. सांगायचे नाही असे भाच्याला कबूल केले नव्हते, पण तो गृहीत धरून होता, हे मान्य करतो. ती रडली नाही. चुलीकडे तोंड करून म्हणाली, "आता आत जात न्हाई ना?" नाही म्हटले. "मग ऱ्हाऊ दे तिथं."

संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना खोके दाजींच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी मास्क काढला, उलटा-सुलटा केला, डबडी फिरवून पाहिली.

"ह्यो कुणी आणला?"

"तुमच्याच मुलानं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. गळ्यातली माळ शर्टाच्या आत सरकवून त्यांनी मास्क तोंडाला लावून पाहिला, पट्टा लहान पडला, तो सैल केला, पुन्हा लावला. मास्क काढून पंच्याने पुसला आणि शेडच्या किल्ल्या टांगतात त्या खिळ्याला अडकवला.

"डबडी किती दिवसांनी बदलायची असत्यात?" त्यांनी विचारले.

मला ठाऊक नव्हते. तसे सांगितले.

"मग त्येला म्हणावं, फोन करून सांग."